एझ्रा हटनला हॉलमध्ये पोचवताना

तोंडात घास असताना बोलू नये, असं माझी आई सांगायची. ती हे शिष्टाचारासाठी नाही, माझ्या भल्यासाठी सांगत होती, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. चार जुलैला सकाळी आमच्या कॉर्बिन फॉल्समध्ये अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सगळ्या गावाचा पॅनकेकचा नाश्ता असतो. तिथे तोंडात पॅनकेक असताना मी म्हणालो, "खरं म्हणजे आपल्या एझ्रा हटनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला पाहिजे होतं." बस्, एवढंच. हे वाक्य मी दर चार जुलैला म्हणत आलोय. लोक "हो ना, हो ना" म्हणतात आणि मेपलच्या पाकाची बाटली पुढे सरकवतात. आमच्या गावात हे वाक्य म्हणजे 'यंदा उकाडा फार आहे' याच जातीचं. त्यावर कुणी काही करायचं नसतं.

यंदा मात्र समोर मिस हेस्टर टटल बसल्या होत्या. वय ब्याण्णव. एझ्रा हटन म्हणजे यांच्या आईचे वडील. गावातले टेलिफोन हाताने जोडून द्यावे लागत, त्या काळात ते जोडून द्यायला मिस हेस्टर असायच्या. म्हणजे गावातली प्रत्येक भानगड यांच्या कानांवरून गेलेली, आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर पडलेलं नाही. त्यामुळे गावातली वयस्कर मंडळी त्यांच्यासमोर जरा सावरूनच बसतात.

"पाहिजे होतं म्हणतोस," त्यांनी काटा खाली ठेवला. "मग करणार कोण ते?"

"करायला हवं कुणीतरी," मी म्हणालो. 'कुणीतरी' हा माझा फार आवडता माणूस आहे. आजवर माझी पुष्कळ कामं त्याच्यावर ढकलून झालीत.

"कुणीतरी म्हणजे तूच ना? रिटायर झालायस. व्हर्ना सांगत होती, दिवसभर गॅरेजमध्ये नुसता खुडबुडत असतोस."

व्हर्ना म्हणजे माझी बायको. ती शेजारीच बसली होती आणि पॅनकेककडे अतिशय एकाग्रतेने बघत होती.

"हे बघ ऑर्विल," मिस हेस्टर म्हणाल्या, "इतक्या जुन्या खेळाडूंचा विचार तिथली समिती वर्षानुवर्षांनी एकदा करते. या हिवाळ्यात करणार आहे. पुढच्या खेपेला मी असणार नाही. माझ्या आजोबांचं नाव तिथे गेलेलं मला बघायचंय. एकदाच. लोणी दे इकडे."

मी लोणी दिलं. आणि सगळ्या टेबलाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, म्हणून शब्दही दिला.

एझ्रा हटन हा कॅचर. पिचरने फेकलेला चेंडू बॅटवाल्याच्या पाठीमागे उभं राहून झेलायचा, हे त्याचं काम. काळ अठराशे सत्तरच्या आसपासचा. हातात मोजा नाही, तोंडावर जाळी नाही, छातीवर पट्टा नाही. हाताच्या तळव्याशिवाय मधे काही नाही. त्यातून पिचर कोण, तर फिनियस बॅगली. हा बॅगली नदीपलीकडच्या ईस्ट लॅथम गावचा. चेंडू असा फेकायचा, की समोरचे लोक घरी मुलंबाळं आहेत असं सांगून बॅट टाकत. काउंटीच्या संघातून ही जोडी तीन उन्हाळे खेळली. बॅगलीने फेकायचं आणि हटनने झेलायचं. दोघांपैकी थोर कोण, यावरून त्यांच्या पाठीमागे दोन्ही गावं आजतागायत भांडतायत. हॉल ऑफ फेमने मात्र दोघांनाही विचारलेलं नाही, त्यामुळे भांडण अगदी बरोबरीचं आहे.

मी, ऑर्विल प्रूइट, आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या आणि चिमटे विकले. खटपट करणं मला नवीन नाही. मी आमच्या काउंटी इतिहास मंडळाकडे गेलो. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर एंडिकॉट. हे गुरांचे डॉक्टर होते. आता गुरं सोडून त्यांनी इतिहास धरलाय. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंडळाकडून वर समितीकडे एकच नाव जातं, प्रूइट. आणि काल ईस्ट लॅथमहून बॅगलीचं नाव आलंय."

"काल? कुणी आणलं?"

"डॉर्सी व्हॅन ॲल्स्टिनने."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉर्सी हा ईस्ट लॅथमचा अंत्यविधीवाला. शाळेत असल्यापासून तो माझ्या एक दिवस पुढे असतो. नंतर कळलं की आमच्या नाश्त्याला त्याची मेहुणी होती. आमच्याच शेडमध्ये आमचे पॅनकेक खाऊन तिने आमची बातमी पलीकडे नेली. माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

डॉक्टर एंडिकॉट म्हणाले, "आता दोन गावांत निवाडा करायचा तर त्या काळच्या रीतीने करू. सामना घ्या. अठराशे सत्तरच्या नियमांनी. जो जिंकेल त्याचा माणूस वर जाईल."

हे बोलताना त्यांचे डोळे लकाकत होते. माझी पक्की खात्री आहे की हा सामना घेण्यासाठी ते कित्येक वर्षं दोन वेड्यांच्या शोधात होते.

घरी येऊन मी ही बातमी सांगितली. आमचा शेजारी कॅझ बुडनिक तेव्हा माझीच शिडी परत मागायला आला होता. म्हणजे शिडी माझी, पण ती इतकी वर्षं त्याच्याकडे होती की मी ती घरी आणली याचं त्याला वाईट वाटलं होतं. तो शिडीवरच बसला आणि म्हणाला, "पिचर मी."

"तू कधी खेळला होतास?"

"घोड्याचे नाल फेकायच्या शर्यतीत मला बक्षीस आहे. तेव्हा खालून हात फिरवूनच फेकायचे ना? मग झालं तर. आणि कॅचर तू."

"मी का?"

"हटनची बाजू तू घेतलीस. आता हटन व्हायचं दुसऱ्याने?"

व्हर्ना ओट्यापाशी बटाटे सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "परवा मी किल्ल्या फेकल्या, त्या झेलता आल्या नाहीत याला."

"किल्ल्या वाऱ्याने वळल्या," मी म्हणालो. स्वयंपाकघरात वारा नव्हता, हे सांगायला कॅझने तोंड उघडलं होतं. पण मी शिडी घेऊन जा म्हटल्यावर त्याने ते मिटलं.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला ही वस्तू आमच्या गावात मुबलक पिकते. कॅझ म्हणाला, हात कडक करायला पाहिजेत. जुने खेळाडू खाऱ्या पाण्यात हात बुडवून बसत. व्हर्नाच्या काकडीच्या लोणच्याची भलीमोठी बरणी तळघरात होतीच. रोज दुपारी मी त्या बरणीत दोन्ही हात घालून बसायला लागलो. हात कडक झाले नाहीत. फक्त सुरकुतले आणि शेपू-लसणाचा असा वास सुटला, की चर्चमध्ये माझ्याशी हात मिळवल्यावर पाद्रीबुवा प्रार्थनेच्या मधेच थांबले आणि त्यांनी बोटं हुंगली. गल्लीतली कुत्री माझ्यामागे यायला लागली. व्हर्नाने बरणी परसात ओतली आणि त्या संध्याकाळी मला हॅमसँडविच लोणच्याशिवाय मिळालं. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मैदानाच्या परवानगीसाठी नगरपालिकेत गेलो. खिडकीपाशी मिसेस लडलो. या बाईंना मी तिसरीपासून ओळखतो, त्या मला ओळखतात. पण खिडकी मधे आली की त्या कुणालाच ओळखत नाहीत.

"कार्यक्रमाचा प्रकार?"

"बेसबॉल."

"ते मैदान बेसबॉलचं नाही. तिथे लग्न चालतं, सहल चालते, ऐतिहासिक देखावा चालतो."

"मग देखावा लिहा. सगळे जुने कपडे घालून खेळणारच आहोत."

"तोफा किती?"

"तोफा नाहीत हो. बेसबॉल आहे."

"देखावा म्हटलं की तोफांचा रकाना येतो. तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही."

"शून्य लिहा."

त्यांनी शून्य दाबलं. कॉम्प्युटरने एक केविलवाणा आवाज केला. "शून्य घेत नाही तो," त्या म्हणाल्या. माझ्या मागे कुत्र्याचं लायसन्स घ्यायला आलेल्या माणसाने घसा खाकरला. मी म्हणालो, लिहा एक. सरकारी खिडकीसमोर मागचा माणूस खाकरला की भलेभले एक तोफ कबूल करतात.

इकडे व्हर्नाच्या गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणींनी आमचे गणवेश शिवायला घेतले. त्या काळचे म्हणजे लोकरीचेच पाहिजेत, असा डॉक्टर एंडिकॉटचा हुकूम. चर्चच्या तळघरात सैन्याची जुनी ब्लँकेटं होती, त्यांचे झाले. रंग मोहरीचा. ऑगस्टच्या उन्हात ते अंगावर चढवून मी आरशासमोर उभा राहिलो आणि भारदस्त दिसतोय का, असं व्हर्नाला विचारलं. तिने बराच वेळ निरखून बघितलं. "सोफा झाकल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली, आणि प्रेमाने कॉलर नीट केली. नंतर खाज सुटली. त्या खाजेबद्दल मी इथे लिहिणार नाही. काही गोष्टी कुटुंबातच राहाव्यात.

सामन्याच्या दिवशी मैदानाला माणसं मावेनात. मला अभिमानाने भरून आलं. गावाला एझ्रा हटनची एवढी चाड आहे, हे आपल्याला कसं कळलं नाही, असं मी व्हर्नाला म्हणतोय तोच बघितलं, की निम्म्या लोकांनी कानांत कापूस घातलाय. अग्निशमन दलाचा लाल बंब मैदानाच्या कडेला उभा होता. त्यांचा प्रमुख हेल्मेट चढवून माझ्याकडे आला.

"तोफ कुठेय, ऑर्विल?"

"तोफ नाहीये."

"कागदावर एक आहे."

"ती कागदावरच आहे."

"मग मी कागदावर जबाबदार आहे," असं म्हणून तो बंबापाशी जाऊन उभा राहिला. संपूर्ण सामनाभर त्याने माझ्यावरची नजर हलवली नाही. मी ती तोफ गणवेशात लपवलीय, असा त्याचा संशय असावा.

डॉक्टर एंडिकॉट उंच काळी हॅट आणि लांब कोट घालून अंपायर झाले होते. जुन्या रीतीप्रमाणे ते मैदानाच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी नियम सांगितले. हातमोजे नाहीत. शिवी दिली तर दंड. बॅट लागून चेंडू रेषेबाहेर उडाला आणि पहिल्या टप्प्यावर झेलला, तरी आउट. आणि अठराशे सत्तरला नव्हतं ते अंगावर चालणार नाही. या शेवटच्या कलमाखाली त्यांनी कॅझचा प्लॅस्टिकच्या फ्रेमचा चष्मा काढून घेतला. कॅझ म्हणाला, हरकत नाही, फेकायचं कुठे ते मला अंदाजाने कळतं. ते 'कुठे' म्हणजे मी होतो.

माझ्या पाठीमागे थोड्या अंतरावर मिस हेस्टर घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर गवताची टोपी, मांडीवर लेमोनेडचा पेला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ऑर्विल, घाबरलायस?"

"छे!"

"घाबर. आजोबापण घाबरायचे. पण डोळे उघडे ठेवून घाबरायचे."

सामन्याचं सविस्तर वर्णन मी करत नाही. आमच्या बाजूने ज्यांच्या लक्षात आहे त्यांना सांगवत नाही, आणि ईस्ट लॅथमवाले सांगतात त्यात तथ्य नाही. त्या काळच्या रीतीने बॅटवाला पिचरला सांगायचा, चेंडू वर हवाय की खाली. डॉर्सी अंत्यविधीवाला असल्यामुळे अतिशय मऊ आवाजात म्हणायचा, "कमरेच्या वर द्या, मिस्टर बुडनिक." कॅझ मान डोलवायचा आणि चेंडू माझ्या पायावर टाकायचा. तिसऱ्या डावात माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एक चेंडू अशा ठिकाणी झेलला, जिथे बोटाने झेलायचं नसतं. ते बोट तिथेच फुगलं. मी शिवी दिली नाही. तोंड उघडलं होतं, पण पाद्रीबुवा समोरच होते, म्हणून "हुर्रे!" असं ओरडलो. लोकांना वाटलं, काय जिद्द आहे! टाळ्या पडल्या.

आणि तरीही शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. कसे, ते मला विचारू नका. ईस्ट लॅथमचे दोन गडी आउट झालेले, तिसरा गेला की डाव खलास; दोन गडी पुढे बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यांवर, उभे, आणि बॅट हातात घेऊन डॉर्सी. आता एकच झेल मिळाला, की एझ्रा हटनचं नाव वर जाणार. मागे मिस हेस्टरच्या पेल्यातला बर्फ वाजला तोही ऐकू आला. त्या क्षणी, खरंच सांगतो, मला माझं बोट, खाज, तोफ काही आठवत नव्हतं. माझ्या मागे बसलेल्या म्हातारीला तिचे आजोबा मिळवून द्यायचे होते, बस्.

कॅझने फेकलं. डॉर्सीने बॅट फिरवली. चेंडू बॅटची कड घेऊन माझ्या मागच्या बाजूला रेषेबाहेर उडाला. मी जिवाच्या आकांताने उडी मारली, पालथा पडलो, तोंडात गवत गेलं, आणि बघतो तर चेंडू माझ्या दोन्ही हातांत!

"आउट! आउट!" कॉर्बिन फॉल्स नाचायला लागलं. कॅझ मला मिठी मारायला धावला आणि चष्मा नसल्यामुळे ती डॉर्सीला मारून बसला.

डॉक्टर एंडिकॉट मात्र खुर्चीवर नव्हते. ऐन वेळी वाऱ्याने त्यांची हॅट उडाली होती आणि ते बंबाखाली हात घालून ती काढत होते. हॅट झटकत ते आले. "मी बघितलं नाही," ते म्हणाले, "तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे खेळाडूला त्याच्या इज्जतीवर विचारतो. मिस्टर प्रूइट, पहिल्या टप्प्यावर झेललात की दुसऱ्या?"

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. आता खरी अडचण काय होती, ते सांगतो. मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं, कारण माझे डोळे मिटलेले होते. उडी मारताना मी ते मिटले, ते गवत तोंडात गेल्यावर उघडले. 'पहिल्या' म्हणावं तर इज्जतीवर विचारलंय. खरं सांगावं तर इज्जत उरत नाही. मी हळूच म्हणालो, "मला सांगता येत नाही."

"का?"

"डोळे... जरा बंद होते."

"मोठ्याने!" मागून कुणीतरी ओरडलं.

"डोळे मिटले होते माझे!" मी ओरडलो. अख्खं ईस्ट लॅथम हसलं. आमचंही गाव हसलं. बंबाचा प्रमुखसुद्धा हसला, आणि व्हर्ना हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

डॉर्सीला विचारलं. तो म्हणाला, मी पळायला वळलो होतो, मी बघितलं नाही. कॅझ म्हणाला, पहिला टप्पा, स्वच्छ बघितला; पण हे तो डॉक्टर एंडिकॉट समजून पाद्रीबुवांना सांगत होता, त्यामुळे त्याची साक्ष बाद झाली. मग प्रेक्षक. जुन्या काळी अंपायर प्रेक्षकांनाही विचारायचा म्हणे. इकडून "एक!" तिकडून "दोन!" असा गदारोळ झाला. डॉक्टरांनी हात वर केला. "गर्दीला विचारत नसतात. दोन्ही बाजूंना मान्य असेल अशा एका माणसाला विचारतात. अगदी जवळून बघितलेलं आहे कुणी?"

माझ्या मागे, चेंडू पडला तिथून हातभर अंतरावर, एकच माणूस होतं.

डॉर्सीने टोपी काढली. "मिस टटल सांगतील ते आम्हाला मान्य आहे," तो म्हणाला.

कॅझने माझ्या कानात कुजबुज केली, "येडा आहे हा! अरे, तिचेच आजोबा!" आमच्या लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. आमच्या पोरींनी तर तिथेच बाकांवर केक मांडायला घेतले.

मिस हेस्टरनी लेमोनेडचा एक घोट घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या मैदानाकडे बघत बसल्या. पण त्या चेहऱ्यावर जे आलं आणि गेलं, ते बघून मला वाटलं, बाईंना हे विचारायला नको होतं, कुणीच विचारायला नको होतं.

"दोन," त्या म्हणाल्या.

पोरींनी केक परत डब्यांत घालायला घेतले.

"दोन टप्पे पडले. दुसरा माझ्या बुटाला लागला. चल डॉर्सी, हो उभा. माझा बर्फ विरघळतोय."

डॉर्सी उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पुढचा चेंडू कॅझने आयुष्यात पहिल्यांदा मागितला तिथे टाकला, आणि डॉर्सीने तो थेट बदकांच्या तळ्यात मारला. बेसवरचे दोन्ही गडी पळत सुरुवातीच्या जागी परत आले, म्हणजे दोन धावा. आम्ही एका धावेने हरलो.

रीतीप्रमाणे हरलेल्या कप्तानाने सामन्याचा चेंडू जिंकलेल्याला द्यायचा असतो आणि त्याच्या नावाने तीनदा जयजयकार करायचा असतो. तळ्यातून काढलेला तो ओला चेंडू मी सुजलेल्या हाताने डॉर्सीला दिला आणि फिनियस बॅगलीचा जयजयकार केला. त्यानंतर रीतीप्रमाणे त्यांना जेवूही घातलं. ईस्ट लॅथमचे लोक आमचा मका आणि आमचं चिकन मान खाली घालून खात होते. जिंकलेला संघ इतका खिन्न मी कधी बघितलेला नाही.

मिस हेस्टरना घरी सोडायला मी गेलो. गाडीत मला राहवलं नाही. "मिस हेस्टर, एक म्हणाला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला विचारलं म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "विचारायचं नव्हतं." नंतर घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि उतरताना त्यांनी माझा हात धरला तो जरा जास्त वेळ धरला. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी व्हर्नाला म्हटलं, माझे डोळे उघडे असते तरी चेंडू दोनदाच पडला असता ना? ती म्हणाली, हो रे, आणि बोटाला बर्फ लावला.

दोन दिवसांनी दारात डॉर्सी. हातात ब्लूबेरी-पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेली गोड पोळी. मला वाटलं, आता हा काय पुरायला आलाय?

"ऑर्विल," तो म्हणाला, "बॅगलीसाठी निवेदन लिहायचंय. समितीला पटेल असं. मी रात्रभर बसलो. मी आयुष्यात फक्त मृत्यूच्या बातम्या लिहिल्यात. काहीही लिहायला घेतलं की 'प्रेमळ पती आणि सर्वांचे लाडके' असंच येतं. त्या काळचं तुला सगळं पाठ आहे. तू लिहून दे."

"मी? बॅगलीसाठी?"

"दुसरं कोण आहे?"

मी त्याला काय काय सुनावणार होतो! पण व्हर्नाने तो ब्लूबेरी-पाय त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला होता आणि ताटल्याही काढल्या होत्या. माझ्या घरातले मोठे निर्णय असेच होतात.

लिहायला बसलो आणि वेगळीच पंचाईत झाली. बॅगलीचं काहीही लिहिलं की हटन आलाच. बॅगलीचा वेग केवढा, हे सांगायला तो झेलणारा सांगावा लागतो. बॅगलीने अमका सामना जिंकला, तर शेवटचा चेंडू धरला कुणी? आठवडाभर लिहून काढलं आणि ते डॉर्सीला द्यायच्या आधी मिस हेस्टरच्या ओसरीवर घेऊन गेलो. मनातून खूश होतो. म्हटलं, नाव बॅगलीचं, पण जाणार दोघंही. म्हातारीचं काम झालं.

मी वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आजोबा फार झालेत यात."

"असू द्या हो. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही. पण हे बॅगलीचं आहे. त्याची पाळी आहे. त्याच्यापण घरचे कुणी असतील, त्यांना वाटेल ना? कापून टाक."

"मिस हेस्टर!"

"पेन काढ."

मी पेन काढलं. त्या सांगत गेल्या, मी रेघा मारत गेलो. हा परिच्छेद नको. हे वाक्य नको. तो ओल्या मैदानावरचा सामना नको, तो मला फार आवडतो पण नको. एका एका रेघेबरोबर एझ्रा हटन कागदावरून जात होता आणि ते सांगणारी त्याची नात होती. शेवटी एकच वाक्य राहिलं. त्यावर मी रेघ मारायला पेन टेकवलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते काय आहे?"

मी वाचलं, "बॅगलीचा चेंडू काउंटीत एकच माणूस धरू शकत असे, कॉर्बिन फॉल्सचा एझ्रा हटन, उघड्या हातांनी."

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो वळेपर्यंत त्या बघत होत्या.

"यात बॅगलीचं कौतुक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की! सगळं बॅगलीचंच कौतुक आहे."

"मग राहू दे ते," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा एकदा वाच. जरा मोठ्याने वाच, मला हल्ली कमी ऐकू येतं."

ब्याण्णव वर्षांत मिस हेस्टरना कधी कमी ऐकू आलेलं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी उभा राहिलो, आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.